मध्यंतरानंतरच्या चपला

“कापला, मेल्यांनी कापला,” मामी टीव्हीवर ओरडत होती. “आत्ता चपलांचा सीन यायचा व्हता. कुठं गेला?”

येवल्यातल्या तिच्या खोलीत त्या रविवारी दुपारी निम्मं गाव बसलं होतं आणि उरलेलं निम्मं खिडकीला लोंबकळत होतं. बरं — आठ-दहा बाया होत्या. पण पुढे जे झालं त्याला तेवढ्या पुरल्या.

पुढे काय झालं, हे मी इथे नाशिकला, इंदिरानगरात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखता. गच्चीवर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, पिक्चरचा विषय निघाला की माझीच पिपाणी वाजते. अमका का चालला, तमका का पडला, कोणता पिक्चर माणूस मरेपर्यंत विसरत नाही — उत्तर तयार. हेही तोंडी सांगायला बसलो तर रंगवीन, शेवटी तुम्हाला हसवीन आणि सुटेन. म्हणून लिहितोय. आणि आज पुरं लिहिणार आहे.

तर — नव्वदच्या दशकात मी नाशिकलाच अंबडमध्ये एका कारखान्यात लागलो. बहुतेक रात्रपाळी. सुटलो की घरी जाऊन आंघोळ, आणि तसाच थेटरात. नवा पिक्चर लागला आणि मी पहिल्या दिवशी गेलो नाही, असं झालंच नाही. फक्त एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. मध्यंतरात मी वडा खायचो, आणि वडा पोटात गेला की मान पडायची. मग पडद्यावर तोफा डागा नाहीतर देवळातल्या सगळ्या घंटा बडवा — मला जाग यायची ती डोअरकीपरने खांदा हलवल्यावर. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माझ्याइतके अर्धे पिक्चर कुणी पाहिले नसतील.

सुट्टीला एसटीने येवल्याला मामाकडे जायचो. मामा-मामी पैठणी विणायचे, एकाच मागावर शेजारी शेजारी बसून. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. मामी म्हणायची, “भाचेबुवा, कान तेवढे रिकामे हायेत. काय पाह्यलं ते ओता त्यात.” मी ओतायचो. मध्यंतरापर्यंत खरं. पुढचं जागच्या जागी, मागाच्या ठेक्यावर रचलेलं. एक खलनायक मी दोनदा मारला. एका हिरॉईनचं लग्न मी तिच्या सख्ख्या भावाशीच लावायला निघालो होतो, मामा खोकला म्हणून वाचलो. आणि मामीचं मत काय? “पिक्चर कोणताबी असू दे, जीव असतो तो इंटरवलनंतर.” आता यावर माणसाने फुगू नये तर काय करावं?

असाच एक घरगुती पिक्चर लागला होता. थोरल्या मुलाने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं, सासरा सुनेशी एक शब्द बोलत नाही, आणि शेवटी तिला घराबाहेर काढतात. इथे मध्यंतर. इथे मी झोपलो.

“मंग?” मामी म्हणाली.

मग काय? मी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी चपला पडल्या होत्या. सांगून टाकलं — धाकट्याचं लग्न निघतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि थोरली सून दाराशी येऊन उभी राहते. ये म्हणायला कुणी नाही. ती चपला काढते, पण उंबरा ओलांडत नाही. तेव्हा सासरा उठतो. बोलत काहीच नाही. वाकतो, तिच्या चपला हातात घेतो, आत नेतो आणि आपल्या चपलांशेजारी ठेवतो.

मामीचा धोटा थांबला. विणताना तिचा धोटा थांबलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मामाशी लग्न केलं म्हणून मामीला माहेरचं दार बंद झालं होतं. वडील गेले तेव्हाही तिला बाहेरूनच परत पाठवलं. हे मला ठाऊक होतं का? होतं. सांगताना मनात होतं का? नाही — मला फक्त चपला दिसल्या.

धोटा पुन्हा सरकवत ती म्हणाली, “पिक्चर मनात का बसतो, सांगू? आपल्याला जे मिळालं नाय, ते तिथं कुणाला तरी मिळतं. म्हून बसतो.”

हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडून ऐकलंय. गच्चीवर त्याला टाळ्या पडल्यात. ते माझं नाही, मामीचं आहे.

पुढे कित्येक वर्षं मामीने तो सीन गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितला. एकीची सून रुसली तिला सांगितला, एकीचा मुलगा पळाला तिला सांगितला. तिने माझ्यापेक्षा चांगला सांगितला असणार. बाया रडायच्या म्हणे. आणि मग दोन हजार सालानंतर कधीतरी तो पिक्चर टीव्हीवर लागणार असं कळलं. मामीने सगळ्यांना बोलावलं, शेंगा भाजल्या, आणि मला नाशिकहून मुद्दाम बोलावून घेतलं. मी गेलो. का गेलो? मला वाटलं, लाइट जाईल. येवल्यात त्या काळी लाइट माझ्यासारखीच होती, मध्यंतरानंतर भरवसा नाही. नेमकी त्या दिवशी गेली नाही.

धाकट्याचं लग्न तेवढं पिक्चरमध्ये खरंच निघालं. ते लागलं, गाणं झालं, पिक्चर संपला. सून आलीच नाही. चपला नाहीत, काही नाही.

मामी ओरडायची थांबली तेव्हा शेजारच्या सरूबाई म्हणाल्या, “रखमे, जाहिराती घालतेत गं ते. सीन कशाला कापतील?”

सरूबाईंचा जावई मनमाडहून आला होता. तो म्हणाला, “मी थेटरात तीनदा पाह्यलाय मावशी. असं काय नाय त्यात.”

“सपनात पाह्यलं आसंल,” कुणीतरी म्हणालं, आणि खोली हसली.

मामी माझ्याकडे वळली. तिला जराही काळजी नव्हती. “भाचेबुवा, सांगा ह्यांना.”

सगळ्या माना माझ्याकडे. आता पाहा — मी आयुष्यभर थापा मारलेला माणूस. पण तो जावई समोर बसलेला. तिथे दोघांतला एकच जण खोटा ठरणार होता, मी नाहीतर ती. आणि मी, पिक्चरचा एवढा मोठा जाणकार, म्हणालो, “मामी, मी असं कधी सांगितल्याचं आठवत नाही. तुझा काहीतरी घोळ होतोय.”

हाच माझा गुन्हा. सीन रचला तो नव्हे.

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिने घातला नाही. माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, “आसंल बाबा.” माझ्यावर विश्वास होता म्हणून तिने स्वतःवरचा काढून घेतला.

गल्लीत मग ते चिकटलंच. रखमा काही बोलली की, “पिक्चरमधलं का गं?” तेही एक वेळ चाललं असतं. पण मोर विणताना जिने कधी नक्षीच्या कागदाकडे मान वळवली नव्हती, ती मामाला विचारू लागली, “हे बरोबर हाय ना? जरा बघा.” मोराचा डोळा झाला की हात थांबवायची. मामा म्हणायचा, बरोबर आहे. तरी ती उसवून बघायची. मी सुट्टीला जायचो तेव्हा हे माझ्या डोळ्यांसमोर चालायचं. पिक्चर सांग, असं मात्र तिने परत कधी म्हटलं नाही. आणि मी? मी शेंगा खायचो.

काही वर्षांनी एका सकाळी येवल्याला गेलो, मागाशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. वडा, झोप, दारातल्या चपला. त्या रविवारी मला सगळं लख्ख आठवत होतं, हेही सांगितलं. मामा उठून बाहेर गेला. मामीने हातातली ओळ पुरी केली, काठ बोटाने नीट केला.

“त्या बायांसमोर बोलायचं व्हतं,” ती म्हणाली.