पन्हाळी टोच्या आणि पिळाचा टोच्या

आंब्याच्या पानांच्या तोरणाचं एक टोक चौकटीवरच्या खिळ्याला अडकलं होतं आणि दुसरं वरुणरावांच्या हातात होतं. दुसरा खिळा त्यांनी ओठांत धरला होता. स्टुलावर उभ्या उभ्या त्यांनी हात खाली केला आणि हातोडीची वाट पाहिली. हातोडी आली नाही. कनकलताबाईंनी ती धुऊन पुसून, गंध-कुंकू लावून केव्हाच देवीपुढे नेऊन ठेवली होती.

"इतका वेळ काय करत होतात? तोरणासाठी मुहूर्त थांबतो का?" त्या आतूनच म्हणाल्या.

म्हणजे हातोडी आता उद्या. तंजावरात या दिवसाला सगळे आयुधपूजा म्हणतात. वरुणरावांच्या घरात अजून खंडेनवमी हाच शब्द आहे. नाव कुठलंही घ्या, घरातलं एकूण एक अवजार त्या दिवशी पूजेला बसतं. विळी, कात्री, शिवणयंत्र, पाना, स्कूटर, सगळी. नातीनं, दिव्यश्रीनं, लॅपटॉप ठेवला होता आणि त्याच्या खाली गणिताचं पुस्तक, तेही अशा बेतानं की देवीला स्वतःला हवं झालं तरी सहज निघू नये. एकदा गंध लागलं की दसऱ्याच्या सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. भाज्यासुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेल्या.

आणि सगळ्यांच्या पुढे, केळीच्या कोवळ्या पानावर, वरुणरावांचे चाकू.

हे चाकू म्हणजे वरुणरावांची ओळखच होती. कावेरीच्या कालव्यांच्या खात्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली, पण गल्लीत कुणाला विचारलंत तर "कोण, ते चाकूवाले राव?" असंच म्हणतील. अनोळखी माणूस त्यामुळे जरा बिचकत येई. येऊन पाहावं तर समोर चष्मा नाकावर घसरलेला, मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारा गृहस्थ. चाकू त्यांनी जमवले ते जुने, खिशात ठेवायचे, घडीचे. कुणा गोऱ्या साहेबानं टाकून दिलेले, कुणा मोजणीदाराच्या पेटीतून निघालेले, तिरुवैयारूच्या भंगारवाल्याकडे जुना रेडिओ देऊन बदल्यात घेतलेले. पण त्यांचं मुख्य पातं कुठलं, मूठ हस्तिदंती की शिंगाची, याच्याशी वरुणरावांना देणंघेणं नव्हतं. ते आधी मागचं पातं उघडून बघत. चामड्याला भोक पाडायचा टोच्या. तो नसला तर चाकू कितीही सुंदर असो, ते "हं" म्हणून परत देत, जसा एखादा गवई वाद्याला तारच नाही असं बघून परत देईल.

टोच्यांत त्यांनी जाती लावल्या होत्या. कुणाचा तीन धारांचा, कुणाचा चपटा, कुणाला सुईसारखं नेढं, म्हणजे भोक पाडता पाडता दोराही ओवून घ्यावा. पण त्यांचा लाडका एकच. पन्हाळी टोच्या. पोलादाची पट्टी लांबीत दुमडून छपराच्या पन्हळीसारखी, अर्धी नळी केलेली, एका कडेला धार. टोक रोवायचं आणि मनगट हळू फिरवायचं, की चामड्याची टिकली अलगद बाहेर येते आणि भोक गोल राहतं. वरुणराव हे सांगताना मनगट फिरवून दाखवत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दाखवत, आणि शेजारच्या पानावरचं रसम सांडत असे.

या विद्येचा गल्लीला उपयोगही होता. पट्ट्याला नवीन भोक हवं असलं की माणसं त्यांच्याकडे येत. त्यामुळे कुणाचं पोट सुटलंय, कुणाचं आत गेलंय, हे वरुणरावांना घरच्यांच्या आधी कळे. पलीकडच्या जयलक्ष्मीबाईंच्या यजमानांना पट्टा एकदम दोन भोकं आत घ्यावा लागला, तेव्हा वरुणरावांनीच त्यांना साखर तपासून यायला पाठवलं, आणि साखर निघाली. वरुणरावांचा स्वतःचा पट्टा मात्र सराव करून करून अशा थराला आला होता की, हा वाजवून बघा, सूर लागेल, असं कनकलताबाई म्हणत.

ओठांतला खिळा काढून खिशात ठेवावा एवढ्यात दारात ऑटो थांबली. बॅग, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन शेषाद्री सार उतरले. वरुणरावांच्या हातातून तोरण सुटलं आणि एका खिळ्यावर लोंबकळत राहिलं.

शेषाद्री म्हणजे पापनाशमचे निवृत्त मास्तर (इकडे सरला सार म्हणतात), आणि अख्ख्या जिल्ह्यात वरुणरावांना टोच्यांवर उलट बोलणारा एकच माणूस. त्यांच्याकडे पिळाचा टोच्या होता. कैमुरुक्कूला, म्हणजे हातानं वळायच्या चकलीला, पीळ देतात तसा पोलादाला दिलेला पीळ, टोकापर्यंत. असा दुसरा वरुणरावांनी पाहिला नव्हता आणि जागेपणी, झोपेत, जपाला बसल्यावरसुद्धा तो त्यांच्या डोळ्यांपुढे येई. शेषाद्रींचं म्हणणं, खरं भोक पिळाचंच. पन्हाळीचं भोक म्हणजे उंदरानं कुरतडलेलं. या वादात दोघांची उमेदीची वर्षं सुखात गेली होती. आता शेषाद्री कोइंबतूरला मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. जायच्या आधी निकाल लागायलाच हवा, असं फोनवर ठरलं. एकाच चामड्यावर दोघांनी एकेक भोक पाडायचं. ज्याचं स्वच्छ, त्याचे दोन्ही चाकू.

दिवस ठरवताना दोघांनी आपापल्या घरी कॅलेंडर पाहिलं आणि लाल आकड्यावर बोट ठेवलं. निवृत्त होऊन किती काळ लोटला, पण महत्त्वाचं काम सरकारी सुट्टीलाच करायचं ही सवय दोघांचीही गेली नव्हती. लाल आकड्याखाली बारीक अक्षरांत सुट्टी कशाची ते छापलं होतं. ते दोघांनीही वाचलं नाही.

शेषाद्री तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, टेकले. वरुणरावांनी खाली मान घालून काय झालं ते सांगितलं. सकाळी भक्तीच्या भरात, सर्वांत उत्तम ते देवीला, म्हणून पन्हाळी चाकू त्यांनी स्वतःच्या हातानं पहिल्या जागी ठेवला होता.

शेषाद्रींच्या चेहऱ्यावर मास्तरकी पसरली. त्यांच्या घरी बायको गेल्यापासून पूजा मांडायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांचा चाकू खिशात मोकळा होता. वरुणरावांनी चाचरत विचारलं, की भोकापुरता घेतला आणि लगेच ठेवला तर? शेषाद्रींनी बोट वर केलं.

"राव, पूजेला बसवलेली वस्तू पुनर्पूजेशिवाय हलवायची नाही. गरज कोणाचीही असो, कारण कितीही मोठं असो. एवढं तुम्हाला मी सांगायचं?"

"पण सार, तुमची गाडी आज रात्री."

"म्हणूनच म्हणतो. तुम्ही आखाड्यात उतरलाच नाहीत. निकाल माझ्या बाजूनं. तुमचा चाकू उद्या पूजा झाली की पोस्टानं पाठवा."

वरुणरावांना घाम फुटला. एक तर पन्हाळी टोच्या जाणार, दुसरं म्हणजे न लढता जाणार, आणि तिसरं म्हणजे पिळाचा टोच्या कोइंबतूरला, जिथे आपण उभ्या जन्मात जाणार नाही. निदान एकदा बघू तरी द्या, असं ते म्हणाले. शेषाद्रींचं मन तेवढं मोठं होतं. त्यांनी चाकू काढला. आता, चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं, हे दोघांच्याही घरचं वळण. द्यायचा तर खाली ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा. शेषाद्रींनी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर फुलांचं ताट होतं. त्यांनी चाकू त्यात ठेवला, आणि प्रवासातून आलो, आधी पाय धुतो, म्हणून मागल्या अंगणात गेले. वरुणराव चष्मा शोधायला आत गेले. चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर होता, पण ते कळायला थोडा वेळ लागला.

ते परत आले तर ओट्यावर ताट नाही.

देवघराच्या दारात शेषाद्री ओल्या पायांनी उभे होते. आत कनकलताबाई हात जोडून बसल्या होत्या. केळीच्या पानावर, पन्हाळी चाकूच्या अगदी शेजारी, पिळाचा चाकू. दोन्ही टोचे उघडे, आणि गंध लावण्यात कनकलताबाईंनी कधी कंजुषी केली नव्हती. पिळाच्या खाचाखाचांत चंदन भरलेलं, वर कुंकू, त्यावर एक शेवंतीचं फूल.

"अण्णा," त्या मागे वळून म्हणाल्या, "किती आठवणीनं आणलात. फुलांच्या ताटात दिसला, म्हटलं वहिनी नाहीत, तुमच्याकडे कोण पूजा करणार."

शेषाद्रींनी तोंड उघडलं. पण जे बोलायचं ते सगळं त्यांनीच थोड्या वेळापूर्वी ओट्यावर बोलून ठेवलं होतं, बोट वर करून. तोंड पुन्हा मिटलं. स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावर उघडते आणि तिथलं अक्षर न् अक्षर आत ऐकू येतं, हे वरुणरावांना ठाऊक होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. संसार टिकवायचा असेल तर काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे कळण्याइतकी वर्षं त्यांनी संसार केला होता.

गाडीचं तिकीट दिव्यश्रीनं तिच्या फोनवरून दुसऱ्या दिवसाचं करून दिलं. तिला विचारलं की फोन पूजेला का नाही ठेवलास, तर तमिळमध्ये म्हणाली, फोन म्हणजे आयुध नाही. शेषाद्रींनी मग काळ्या चण्याचं सुंडल दोनदा मागून घेतलं, पायसम नको नको म्हणत संपवलं, आणि पन्हाळी भोक कसं वाईट यावर झोपेपर्यंत बोलले. वरुणरावांनी एवढ्या आनंदानं शिव्या कधी खाल्ल्या नव्हत्या.

दसऱ्याच्या सकाळी पुनर्पूजा झाली. आरती घेऊन दोघं आपापला चाकू उचलून ओट्यावर गेले. चामडं कुठलं, हा प्रश्न आला. वरुणरावांच्या पट्ट्यात आणखी भोकाला जागा नव्हती. म्हणून शेषाद्रींनी कमरेचा स्वतःचा काढून दिला. जुना, पण जाड.

आधी वरुणराव. त्यांनी टोक रोवलं, मनगट फिरवलं. काहीतरी चुकत होतं. पन्हाळीत रात्रभर वाळून चंदनाचा दगड झाला होता. टिकली निघायच्या ऐवजी चामडं फुगलं, आणि टोच्या बाहेर आला तेव्हा भोक कुठल्याही आकारात बसेना. कडेला पिवळं वलय, आणि सुवास मात्र छान.

"उंदीरसुद्धा याहून बरं करतो," शेषाद्री म्हणाले आणि खालीच, जवळच, पीळ रोवला. आत गेला. आता बाहेर येईना. खाचांतलं चंदन चामड्याला घट्ट धरून बसलं. त्यांनी ओढलं. वरुणरावांनी पट्टा धरला. दोघांनी मिळून ओढलं, आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चामडं फाटत गेलं आणि पट्ट्याचे सरळ दोन तुकडे झाले.

शेषाद्री एका हातानं विजार धरून खाली बसले.  मग वरुणराव हळूच म्हणाले, की निकाल काही लागला नाही, तेव्हा ज्याचा चाकू त्याच्याकडे.  समोर पिळाचा टोच्या चंदनानं माखून पडला होता.

"माझ्याकडे कुठे?" शेषाद्री म्हणाले. "सुनेनं आधीच सांगितलंय, घरात रांगतं मूल आहे, चाकूबिकू आणायचे नाहीत. जिंकलो असतो तरी दोन्ही इथेच ठेवून जाणार होतो."

"मग जिंकायचं कशाला होतं?"

"दोन्ही माझे असते ना. राहिले असते तुमच्याकडे, पण माझे."

वरुणरावांनी यावर विचार केला. पिळाचा टोच्या घरात राहणार, हे त्यांना कळलं होतं; पण फुकट घ्यायचा तर मान जात होता आणि नाही म्हणायचं तर जीव. ओट्याच्या दारात कनकलताबाई कॉफी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दोघांपुढे पेले ठेवले.

"काल देवीपुढे बसले ते देवीचे झाले," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांभाळायचे. आणि अण्णा, पुढच्या नवमीला तुम्ही यायचं. चंदन मी कमी लावीन."

शेषाद्रींनी कॉफी संपवली. मग चाकू मिटला, वरुणरावांच्या हाताजवळ, फरशीवर ठेवला आणि आपला हात मागे घेतला.

"तुम्ही जिंकला नाहीत, राव. लक्षात ठेवा."

"हरलोही नाही," वरुणराव म्हणाले, आणि उचलला.

हातोडी मोकळी झाली होती, पण तोरणाची पानं एव्हाना मलूल झाली होती, ती तशीच एका खिळ्यावर राहिली. स्कूटरला केळीची रोपं बांधली होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती. वरुणरावांनी दोन्ही चाकू खिशात घातले, लिंबांवरून स्कूटर नेली आणि निघाले. शेषाद्रींच्या गाडीच्या वेळेआधी त्यांना गांधीजी रोडवरून एक कमरेचा पट्टा आणायचा होता.