मत नको, साक्ष दे

वकीलसाहेबांसमोर 'बकवास' हा शब्द काढायची सोय नव्हती. खेळून उठलेला पोरगा खुर्ची मागे ढकलत म्हणायचा, "काय बकवास गेम आहे!" की साहेब चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघायचे.

"काय पाह्यलं तू?"

"बकवास आहे, साहेब."

"हे मत झालं. मत नको, साक्ष दे. कुठी होता, काय केलं, मंग काय झालं?"

पोरगा घरी जायच्या घाईत असायचा. पण साक्ष दिल्याशिवाय दारातून सुटका नव्हती.

ते खरोखरच वकील होते. अकोल्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांनी आठ जुने कॉम्प्युटर मांडले होते आणि लोक तिथे पैसे देऊन गेम खेळायला येत. वकिली का सोडली याच्या चार कहाण्या गावात फिरत होत्या. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "साक्षीदाराले पढवा लागते, बाबू. मले ते जमलं नाई." आणि पुन्हा पेपर उघडून बसले.

मी दर्यापूरकडचा. शाळा नववीत सुटली, ती सुटलीच. अकोल्यात दाल मिलमध्ये कामाला होतो आणि मिल सुटली की साहेबांकडे. मला एका जागी बसवत नसे, आजही बसवत नाही. बसलो की पाय हलायला लागतो. त्यात खिशातला फोन. नापिकीच्या, आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या भागात घरून आलेला फोन कुणी सहज उचलत नसे. आधी दोन क्षण नुसता नावाकडे बघत असे. साहेबांकडे कानाला हेडफोन लावला की तेवढा वेळ फोन ऐकू येत नसे. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जायचो.

तिथे एक गेम होता, त्याला आम्ही 'पंप' म्हणायचो. जग संपलेलं असतं, रस्त्यावर एक पेट्रोल पंप तेवढा उरलेला. उजेड आहे तोवर पत्रे, फळ्या, टायर गोळा करून भोवती भिंत उभारायची. अंधार पडला की मुडदे चालून येणार, लाटेमागून लाट, आणि आपण बंदुकीनं पंप राखायचा. कुठल्या तरी थंड देशातल्या दोन दोस्तांनी घरात बसून तो बनवला होता आणि ते दिसायचंही. मुडद्यांचे चेहरे तीनच. एक झाड जमिनीपासून हातभर वर तरंगायचं. बाकी बाजारात सगळा चोरीचा माल चालायचा, पण साहेबांनी 'पंप' रीतसर विकत घेतला होता. इंटरनेटवरच्या त्याच्या पानावर जगभरचे खेळणारे आपापलं मत लिहीत. साहेब ती मतं जेवणाच्या डब्यासोबत वाचत आणि बहुतेकांवर नाराज होत. "पाह्य, 'पैसे पाण्यात.' अरे, कोणत्या पाण्यात, किती खोल?"

शेजारी गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे सलीमभाई यायचे. त्यांचं म्हणणं असं, "गेम अच्छा है वकीलसाब, पर बंदूक में वजन नहीं. पिचकारी चला रहे, ऐसा लगता."

"कौनसी बंदूक? तीन हैं."

"अब बंदूक का भी नाम-पता चाहिए क्या?"

"हाव. चाहिए."

सलीमभाई परत बसून तिन्ही बंदुका चालवून बघायचे. शिवण तशीच पडलेली असायची.

माझी पाळी आली तेव्हा मी घाबरत म्हणालो, "साहेब, आमच्याकडची रानडुकरं या मुडद्यायपेक्षा हुशार असतात."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "कशावरून?"

"डुक्कर कुंपणाले धडक मारत नाई. कडेकडेनं हुंगत जाते अन् जिथी काडी सैल, तिथीच नाक घालते. हे मुडदे, बाजूची भिंत पडलेली असली तरी उभ्या भिंतीवर डोकं आपटून राह्यले."

"हे तुले कोणी शिकवलं?"

"कोणी नाई. वावरात जागल केली ना."

साहेब काउंटरमागून उठून आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि मी बोललो ते वाक्यावाक्यानं इंग्रजीत करून त्या पानावर माझ्या नावानं टाकलं. तोवर मी बोललेलं कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी पायीच खोलीवर गेलो, रिक्षात बसवलंच नसतं.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांत मी खोटं लिहिलं.

खेळ कुठवर आला याची नोंद दर दहाव्या लाटेलाच व्हायची, मधे बंद पडला की मागून पुन्हा. मी एकोणिसाव्या लाटेत होतो, विसावी समोर, खुर्चीमागे चारजण उभे. पाय हलत होता. टेबलाखाली अंगठ्याला वायर लागली आणि पडदा काळा झाला. मला कळलं होतं. मी पायानंच प्लग आत दाबलाही. पण मागचे चारजण "काय झालं बे?" म्हणाले, तेव्हा तोंडातून निघालं, "गेमच बंद पडला." मग तेच खरं करायला मी माझ्या नववीच्या इंग्रजीत त्या पानावर लिहिलं: एकोणिसाव्या लाटेला गेम आपोआप बंद पडतो, कॉम्प्युटर खराब करतो, घेऊ नका. डुकरांच्या साक्षीला दोघातिघांनी पसंती दिली होती. या खोट्याला बघता बघता कितीतरी जणांनी दिली.

चार दिवसांनी बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. साहेबांनी मला बोलावून मराठीत वाचून दाखवलं. "आम्ही दोघं चार दिवस दोष शोधतो आहोत, सापडत नाही. तुमचं वाचून लोक खेळ परत करत आहेत. हे असंच चाललं तर आम्हाला बंद करावं लागेल. नेमकं काय दिसलं ते सांगाल का?"

"सांग," साहेब म्हणाले. "आधी आवाज गेला का चित्र?"

"दोन्ही."

"एकदम?"

"हाव."

"मंग लाइट गेली असन."

"नाई, बाकीचे चालू होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाय कुठी होता तुहा?"

"जमिनीवर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेलो, तर साहेबांनी मला चार नंबरच्या मशीनवर बसवून 'पंप' सुरू करायला लावला आणि ते स्वतः, पन्नाशी उलटलेला माणूस, टेबलाखाली शिरले. पडदा काळा झाला. खालून आवाज आला, "असंच?"

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"असंच का?"

"हाव. पाय लागला."

"कोणाचा?"

"माहा."

ते बाहेर आले, गुडघे झटकले. मला वाटलं, आता हाकलतात. म्हणाले, "लिही." मी तीन ओळी लिहिल्या. माझं इंग्रजी चुकत होतं, पण त्यांनी एक अक्षर सुधारलं नाही.

त्या दोघांनी आभार मानले. पुढच्या आवृत्तीत दर लाटेनंतर नोंद व्हायला लागली, आणि मुडदे भिंतीच्या कडेकडेनं सैल जागा शोधत फिरायला लागले. सलीमभाईंचा पंप पाचव्याच लाटेत पडला. "तेरे खेत के जानवर घुसा दिए इसमें! अब सोने नहीं देते, मैं भुगत रहा!"

पुढे वर्षभर ते दोघं प्रत्येक नवी आवृत्ती आधी मला पाठवायचे आणि मी दिसेल ते लिहून कळवायचो. मग त्यांनीच बंगळूरच्या एका कंपनीला माझं नाव सांगितलं. तिथे गेम तपासायची नोकरी होती. कंपनीनं विचारलं, काम पाहिलेल्या कुणाचं पत्र आहे का?

मी साहेबांकडे गेलो. "दोन वर्षं तुमच्याकडे कामाले होतो, असं लिहून द्या."

"होता का?"

"नव्हतो. पण रोज तं होतो ना इथी."

"रोज होता, हे लिहितो."

"त्याले कोण पुसते, साहेब! नववी शिकलेल्या माणसाले कागद लागते. नाई तं जिंदगीभर डाळीची पोती उचलीन मी."

"कागद देतो. पण झालं तेवढंच लिहीन."

मला काय झालं कोण जाणे. "म्हणूनच तुमची वकिली नाई चालली," मी म्हणालो.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "हाव," म्हणाले. "म्हणूनच."

मी निरोप न घेता निघालो. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सलीमभाई धापा टाकत आले, "ये वकीलसाब ने दिया," म्हणून पाकीट हातात कोंबलं. गाडी हलल्यावर मी ते उघडलं. कोर्टाच्या अर्जासारखं इंग्रजी होतं, शब्द जुळवत वाचलं. 'या मुलाला मी दोन वर्षे ओळखतो. तो माझ्याकडे नोकरीस नव्हता. त्याचे शिक्षण नववीपर्यंत आहे. एका खेळाविषयी त्याने एकदा खोटे लिहिले. नंतर कोणीही न विचारता त्याने आपण होऊन मला खरे सांगितले व जाहीरपणे दुरुस्त केले.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'खोटे' एवढंच दिसलं आणि पाकीट फाडावंसं वाटलं. पाचव्यांदा वाचताना पुढचं दिसलं. कोणीही न विचारता. ज्या माणसानं तीन दिवस विचारलं, टेबलाखाली शिरून विचारलं, त्यानं हे लिहिलं होतं.

माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. कंपनीतल्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "ये सब सच है?"

मी म्हणालो, "जी."

नोकरी मिळाली. मी साहेबांना फोन लावला, माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "वाचलं का त्यायनं?"

"हाव."

"मंग झालं. जेवला का तू?"

त्या ओळीचं विचारायचं जिभेवर होतं. वाटलं, गावी गेलो की समोर बसून विचारू. गावी जाण्याआधी सलीमभाईंचा फोन आला. त्यांनी नुसतं "वकीलसाब…" म्हटलं आणि मला कळलं.

साहेब विसरले असतील, असं मला कुणी सांगू नये. कोण कुठल्या बंदुकीबद्दल बोललं हे ज्यांना वर्षभरानं आठवायचं, ते तीन दिवसांची उलटतपासणी विसरत नसतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून लिहिलं, आणि मी डोळे उघडे ठेवून 'जी' म्हणालो.

इथे कंपनीत माझ्या तपासणीत एखादा दोष सुटतो. कधी मी न बघताच 'बघितलं' अशी खूण केलेली असते. ध्यानात आलं की नोकरी जाईल, परत पोत्यांखाली जाईन असं वाटतं. तरी उठतो, मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत जातो आणि कुणी विचारायच्या आत सांगतो. आतापर्यंत सहा वेळा सांगून झालं. पत्रातली ती ओळ खरी व्हायला एवढं पुरत नाही, हे मला माहीत आहे.