बैठकीतली पताकांची माळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाय. बायकोला न्हाय, मौलवींना न्हाय, आई मरायला टेकली तवा तिला बी न्हाय. पण पावणं, तुम्ही आत आलात, ह्या भिंतीकडं बघून 'वा, वा' म्हणालात — आन् डोकं फिरलं माझं. कशाची वा वा? बसा. ऐका आता.

आमचं घराणं नालबंदाचं. उचगावात तीन पिढ्या आम्ही घोड्यांना, बैलांना नाला ठोकतोय. महाराज गादीवर आल्यावर काही वर्षांनी मी सरकारी खेचरांच्या तांड्याबरोबर पार हिमालयात गेलतो. येताना तिथल्या बाजारातनं ह्या वस्तू आणल्या. ही पितळेची बुद्धाची मूर्ती. हे हातात धरून फिरवायचं चक्र, आत मंत्राचा कागद हाय. ह्या सात वाट्या — तिकडं रोज सकाळी ताजं पाणी भरून देवापुढं मांडतात. आन् आमच्याकडं? एकीत कात, एकीत चुना, एकीत सुपारी! माझ्याच हातानं भरल्या की मी. कुणी येऊन मूर्तीला कुंकू लावून गेलं, कुणी चक्र गरगर फिरवून खिदळलं. मौलवी म्हणाले, घरात मूर्ती कशाला? मी म्हटलं, शोभंला. शोभंला! दुसऱ्याचा देव म्हणजे काय जत्रंतलं खेळणं हाय? हे आज विचारतोय मी. तवा न्हाय विचारलं.

पण त्या वस्तू निदान विकत घेतलेल्या. ही वरची माळ बघा. निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी — आन् परत्येक पताकेवर मधोमध घोडा छापलाय. नालबंदाच्या बैठकीत घोडा! ह्यापरास झकास पाटी कुठली? येईल त्येला मी सांगायचो, तिकडच्या एका लामाचं घोडं लंगडत हुतं, मी नाल बसवली, घोडं वाऱ्यागत पळालं, लामानं खूश होऊन ही माळ दिली. ही भिंतीवर हाय तवर माझ्या हातची नाल निखळायची न्हाय. किती येळा सांगितलं असंल! दर खेपंला लामाची दाढी वीतभर वाढायची.

कुठला लामा आन् कुठलं काय.

मला तिकडं ताप भरलता. तांडा पुढं गेला आन् मला एका म्हातारीच्या घरी टाकून गेला. आठ दिवस तिनं मला सांभाळलं. लोणी घातलेला खारट चहा पाजला, पाय शेकले. तिच्या दारावर, उघड्या वाऱ्यात, ही माळ बांधलेली. पांढऱ्या पताकेवर शाईनं एक नाव लिहिलेलं. तांडा हलायच्या आधी आमच्यातल्या पहाडी हमालानं मला समजावलं — म्हातारीचा ल्योक व्यापाराला गेला त्यो परतलाच न्हाय. वारा जितक्या येळा ही माळ हलवतो, तितक्या येळा त्येच्यासाठी दुआ मागितली जाते.

म्हणजे मला ठाऊक हुतं. ठाऊक न्हवतं असं म्हणायची सोयच न्हाय. आमच्या दर्ग्याच्या जाळीला बाया पोरांसाठी धागं बांधतात — हिंदूंच्या बी, आमच्या बी. दुसऱ्याचा धागा सोडायला गावातला अट्टल चोर बी धजत न्हाय. माझ्या आईनं माझ्यासाठी बांधलताच की तिथं!

आन् मी? म्हातारी माझ्यासाठी दूध आणायला गेली, तेवढ्यात मी सुरी काढून दोरी कापली. गुंडाळी करून नालांच्या पिशवीत कोंबली आन् ती परतायच्या आत वाट धरली. का? तर घोडा आवडला म्हणून. थू असल्या आवडीवर.

हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं सांगायला जीभ रेटत न्हाय — पण आता तोंड उघडलंय तर सांगतोच.

चार वर्षांनी पागेतले एक जमादार माझ्याकडं आले. पागेच्या घोड्यांचं काम मला द्यावं का, हे बघायला. ह्याच बैठकीत बसले, सुपारी घेतली, लामाची गोष्ट मान डोलवत ऐकली. आन् नेमका तवाच दारात एक भोटिया उभा राहिला, त्याच पहाडाकडचा, हिंग-शिलाजीत विकत मुलूखभर हिंडणारा. त्येला बाहेरनं माळ दिसली. पायताण काढून त्यो सरळ आत आला, पांढरी पताका कपाळाला लावली आन् वरचं नाव वाचलं. मोठ्यानं. म्हातारी रोज सकाळी दारात उभी राहून जे घ्यायची, तेच.

"ये किसी का नाम है," त्यो हळूच म्हणाला. "ये कोई देता नहीं. मैं उधर जाऊँगा, हवा में बाँध दूँगा."

हिंगाची आख्खी पिशवी त्येनं माझ्या पायापाशी ठेवली आन् दोरीच्या गाठीला हात घातला. रागावला न्हाय. मला चोर म्हणाला न्हाय. एक शब्द वाकडा बोलला न्हाय!

जमादार माझ्याकडं बघाय लागले. "काय रं नालबंद, लामानं दिली म्हणालास न्हवं?"

'घेऊन जा बाबा' — एवढंच म्हणायचं हुतं. काय झालं असतं? पागेचं काम गेलं असतं, चार माणसांत हसं झालं असतं. बस. आन् मी काय केलं? उठलो आन् बोंब ठोकली — चोर! चोर! धावा!

आमचं गाव बोंब ऐकल्यावर विचारत बसत न्हाय. माणसं धावली, त्येला ओढत रस्त्यावर घेतलं. लाथा, बुक्क्या, पायताणं. हिंग गटारीत. आन् मला शाबासकी — बरं केलंस गड्या, असल्या फिरस्त्यांना हेच औषध! अजून संताप येतो मला त्या लोकांचा. पण त्यांना काय ठाऊक हुतं? ठाऊक मला हुतं.

त्येचं तोंड फुटलं हुतं, तरी त्यो एकच शब्द घोकत हुता. पुन्ना पुन्ना. ते नाव. माळ तर मिळत न्हाय, निदान नाव विसरू नये म्हणून. ते ऐकून दोघं-तिघं थबकले, हात खाली आले. एकानं मला विचारलं, "काय म्हणतोय रं ह्यो?"

मी म्हटलं, "आयाबहिणींवरनं शिव्या देतोय."

आन् थांबलेली माणसं परत सुरू झाली.