फाट्यापासून दारापर्यंत

चालता चालता त्या मध्येच थांबायच्या, चपलेच्या टोकाने रस्त्याकडेचा एखादा दगड जरासा सरकवायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या. बोलणं तुटायचं नाही की डोक्यावरचा पदर हलायचा नाही. पाहणाऱ्याला वाटे, ठेच लागली. मलाही तसंच वाटलं होतं. "लागलं का हो?" मी विचारलं.

"न्हाई ओ बाई," त्या म्हणाल्या, "बाण वाकडा झाल्ता."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याची खोड आपल्याला आधी गमतीची वाटते. या बाईंच्या बाबतीत माझी गंमत फार दिवस टिकली नाही.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. राहुरीजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत मी शाळेत शिकवत होते. माझ्या भिंतीला लागून असलेलं क्वार्टर बरेच दिवस रिकामं होतं, तिथे दिवाळीच्या सुमारास एक कुटुंब आलं. नवरा पॅनमन, म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडणारा कारागीर. बरोबर बायको आणि दोन लहान मुलं. सतरा-अठरा वर्षं ते युगांडातल्या एका साखर कारखान्यात होते. तिथल्या हुकूमशहाने सगळ्या हिंदी लोकांना देश सोडायला लावला, तेव्हा दोन पेट्या घेऊन ही मंडळी मुंबईला उतरली आणि तिथून इकडे आली. 'युगांडा' म्हणायला आमच्या वसाहतीची जीभ वळेना, म्हणून बाईंचं नाव पडलं 'आफ्रिकेच्या काकू'. मी शेजारीण, मी त्यांना वहिनी म्हणायची.

वसाहतीला वाटलं होतं, परदेशातून कोणी मडमेसारखी बाई येणार. आली ती आमच्याच जिल्ह्यातल्या सोनईकडची, चौथी शिकलेली, शेतकऱ्याची लेक. एवढी वर्षं समुद्रापलीकडे काढूनही त्यांच्या बोलण्यातली सोनई तसूभर हलली नव्हती. काही बायकांची चक्क निराशा झाली.

मुलांची नावं घालायला त्या शाळेत आल्या तेव्हा त्यांनी हेडमास्तरांपुढे हात केला, तोही डावा. आमचे हेडमास्तर सोवळ्यातले. त्यांनी दोन्ही हात झटकन कोटाच्या खिशात घातले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो हात पुढे केला होता.

"स्काउट डाव्या हातानंच हात मिळवतो, गुर्जी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "काळजाजवळचा हात हाय त्यो."

सोनईची बाई आणि स्काउट! मला राहवेना. पुढे एकदा अंगणात मिलो निवडताना मी विचारलंच. त्या वर्षी रेशनवर ज्वारीऐवजी ती लाल मिलो मिळे, आणि खड्यांसकट ती निवडताना सगळ्या वसाहतीच्या गोष्टी निघत.

तिथल्या कारखान्याच्या शाळेत लहान मुलांची कब तुकडी, म्हणजे स्काउटांची धाकटी शाखा, होती. ती चालवणारी इंग्रज मडम स्वातंत्र्यानंतर आपल्या देशी निघून गेली आणि तुकडी बंद पडायची वेळ आली. वहिनींच्या थोरल्या मुलाला तर कब व्हायचंच होतं. "पोरगं रडाय लागलं. म्हनलं, रडू नगं, मी व्हते तुजी मड्डम." आणि खरंच झाल्या. इंग्रजीतलं वचन पोपटासारखं पाठ केलं, लुगड्यावर गळपट्टा बांधला आणि गुजराती, पंजाबी, आफ्रिकन अशी सगळी पोरं घेऊन जंगलात निघाल्या. "पिठलं-भाकरी खाऊन खाऊन पोरांनी त्या जंगलाचं सोनई करून टाकलं हुतं," असं म्हणताना त्या हसल्या. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

पोरांचा लाडका खेळ म्हणजे माग काढणं. वहिनी पुढे जात आणि वाटेवर दगडांचे बाण मांडत. मुलांनी ते पाहत मागून यायचं. शेवटी दगडांचं एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक दगड. "म्हंजी मी घरी गेले, आता शोधू नका." खेळ संपला की मात्र परत फिरून सगळे बाण मोडायचे, हा नियम. "न्हाई मोडले तर मागनं येनारं दुसरंच कोनी चुकतं."

थोरला मोठा होऊन कबचा स्काउट झाला. हुकूम निघाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. देश सोडून निघालेल्या म्हाताऱ्या माणसांचं सामान स्टेशनवर वाहून द्यायचं काम त्याच्या पथकाने घेतलं होतं. एका सकाळी तो म्हणाला, आई, आज जात नाही, रस्त्यात सगळीकडे शिपाई आहेत. वहिनी म्हणाल्या, शब्द दिलाय ना? स्काउटचा शब्द हाय. त्यांनी स्वतः त्याच्या खाकी कपड्यांना इस्त्री केली, गळपट्टा नीट बसवला. वाटेतल्या नाक्यावर शिपायांनी मुलांचा ट्रक अडवला. बाकीच्यांना सोडलं. हा उंच, अंगात खाकी गणवेश, पट्ट्याला स्काउटचा चाकू. याला ठेवून घेतलं.

"इस्त्री म्या केली, बाई," त्या म्हणाल्या आणि मिलोतला खडा उचलून बाजूला टाकला. मी नुसतं सूप हलवत बसले.

मुदत संपत आली, तेव्हा धाकट्या दोघांना घेऊन निघावंच लागलं. निघताना नवऱ्याने सांगितलं होतं, की वकिलातीत नाव दिलंय, सुटला की मागून पाठवतील. त्या एका वाक्यावर ही बाई जगत होती. मुलाने इकडचा मुलूख कधी पाहिला नव्हता. तिकडून निघताना आईबापांनाच आपला पत्ता ठाऊक नव्हता, तर त्याला कुठून असणार? "ह्यांनी वकिलातीला राहुरी कळवलीया, तितपत्तुर तर इचारत येईल. पुढं बाण वळखंल त्यो."

म्हणून नगरच्या रस्त्यावरच्या एसटीच्या फाट्यापासून आमच्या ओळीतल्या दारापर्यंत बाण मांडलेले होते. दगडांना त्या वर्षी तोटा नव्हता. पाऊस नाही, पीक नाही, सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. पण माणसांची, जनावरांची, टँकरची वर्दळ इतकी, की बाण टिकत नसत. रोज सकाळी वहिनी फाट्यापर्यंत जात आणि मोडलेला बाण पुन्हा मांडत.

लोकांनी काय समजावं? लिंबाजवळ तीन वाटा फुटतात, तिथला बाण कोणीतरी अमावास्येला पाहिला आणि करणीची बोंब उठली. कारखान्याचा वॉचमन आठ दिवस तिथून धोतर सावरत पळत गेला. मग कोणा म्हातारीने त्यावर हळदकुंकू वाहिलं, दुसरीने नारळ फोडला, आणि करणीचा महिन्याभरात देव झाला. वहिनींनी पाहिलं आणि घरी येऊन पाण्याची कळशी उचलली. टँकरच्या रांगेत अर्धा दिवस उभं राहून मिळालेलं पाणी ते. ते सगळं त्यांनी दगडांवर ओतून कुंकू धुतलं.

"देव न्हाई ओ ह्यो," त्या जमलेल्या बायकांना सांगत होत्या. "त्याला दिशा कळाय पायजे. कुंकवानं झाकली तर कशी दिसंल?"

एवढे बाण होते, पण दारापुढे वर्तुळ नव्हतं. मी एकदा विचारलं. "ती खूण त्यानं मांडायची," त्या म्हणाल्या. "घरी पोचला की."

त्यांचा नवरा मुखदुर्बळ माणूस. सायकलवरून पाळीला जायचा, यायचा. बाण आला की हँडल वळवून बाजूने जायचा, कधी एक दगड हलू दिला नाही. मला त्याचं कौतुक वाटे.

पुढच्या वर्षी दुष्काळ हटला. विहिरींना पाणी आलं, खडी फोडणारी माणसं आपापल्या रानात गेली. दुष्काळ गेला तसा आपला मुलगाही आता येईल, असं काहीतरी वहिनींच्या मनाने घेतलं होतं. एसटीच्या वेळेला त्या फाट्यावर जाऊन उभ्या राहू लागल्या. मला ते पाहवत नसे, आणि 'नका जाऊ' म्हणायचा धीरही होत नसे.

सर्वपित्रीला त्यांच्याकडे जेवायला बोलावणं होतं. भात, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. जेवायच्या आधी नवरा स्टुलावर चढून पत्र्यावर पितरांचे घास ठेवू लागला. एक वडिलांचा, एक आईचा. मग त्याने हातातला तिसरा घास तसाच धरून ठेवला, आणि जरा बाजूला सरकवून ठेवला.

"तिसरा कोनाचा?" वहिनींनी विचारलं.

तो खाली उतरला. पायरीवर बसला.

"सांगा की. तिसरा कोनाचा?"

"निघायच्या आदल्या दिशी बघून आल्तो मी त्याला," तो म्हणाला. "कुठं, कसा, ते सांगाय लावू नगं. तुला बोललो असतो तर तू इमानात चढली नसती. ही दोन पोरं बी तिथंच ऱ्हायली असती." मग पत्र्याकडे पाहत म्हणाला, "एक वरीस झालं. पोरगं उपाशी ठिवायचं का?"

पत्र्यावर कावळा उतरला आणि त्याने तिसराच घास आधी उचलला.

वहिनी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "वरीसभर बाणाला वळसा घालून जात हुता तुमी." मग त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि बाहेर पडल्या. मी मागे गेले. भर उन्हात त्या सरळ फाट्यावर गेल्या आणि तिथून घराकडे एकेक बाण मोडत निघाल्या. घमेलं भरलं की दगड शेतात दूर फेकायच्या आणि पुन्हा वाकायच्या. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. ज्यानं मांडले त्यानंच मोडायचे असत्यात."

दारापाशी आल्या तेव्हा घमेल्यात थोडे दगड उरले होते. त्या उकिडव्या बसल्या आणि त्यांनी ते गोल मांडले. एक दगड हातात धरून बसून राहिल्या. नवरा पायरीवरच होता. पानं वाढलेली तशीच होती. मग त्यांनी तो दगड मधोमध ठेवला आणि घरात गेल्या.

त्यानंतर त्यांना रस्त्यावर कोणी फारसं पाहिलं नाही. नवऱ्याशी त्या बोलत, पण मीठ-मिरचीपुरतं. चूक कोणाची, हे मी पुष्कळ दिवस तोलून पाहिलं. त्याचीही म्हणवेना आणि वहिनींचीही म्हणवेना. वर्ष उलटायच्या आत त्याने दूरच्या एका कारखान्यात नोकरी धरली. निघायच्या दिवशी मी मुद्दाम माझा डावा हात पुढे केला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. पदर सावरून टेम्पोत बसल्या. पुढे त्यांची खबर आली नाही.

नियमाप्रमाणे ते वर्तुळही मोडायला हवं होतं. त्या विसरल्या की मुद्दाम ठेवून गेल्या, कोण जाणे. ते क्वार्टर पुन्हा रिकामंच राहिलं. माझं अंगण झाडताना मी त्यांचंही झाडून घ्यायची, दगडांच्या भोवतीने. माझी बदली झाली त्या सकाळीही तसंच झाडलं, आणि ट्रंक उचलून फाट्याकडे निघाले. वाटेत एकही बाण नव्हता. तरी कडेला पाहत चालले होते.