वन्संचा उजेडाचा कंगवा

आमच्या वन्संइतकं सोपं करून सांगणारं, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याला जास्त गोंधळात टाकणारं माणूस राहुरी तालुक्यात दुसरं झालं नसेल. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. पुण्याला एका प्रयोगशाळेत लेसरवर काम करतात. चहात साखर किती घालू विचारलं, तर "कप केवढा आहे?" म्हणतात. भाजी करपल्याचा वास घरभर झाला तरी "नाकावर भरवसा ठेवू नये, वहिनी," असं म्हणून तीच भाजी पुन्हा मागून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात त्या एक जड पेटी घेऊन आमच्या वस्तीवर आल्या. पेटी ओसरीत मांडली, गोठ्यापलीकडे बांबूला एक आरसा बांधला आणि लेसर सुरू केला. मला काहीच दिसेना. "डोळ्यांना दिसत नाहीच तो," वन्सं म्हणाल्या. "पण त्यात हजारो रंग आहेत, सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दात्यांसारखे. हवेतला प्रत्येक वायू आपापले ठरलेले दाते खातो. उजेड आरशावरून परत आला, की कुठले दाते पडलेत ते बघायचं. वायू कळला! सोपं आहे." मी मान डोलावली आणि कंगवा पेटीत असतो की आरशात, एवढंच विचारलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतर मला पेटी म्हणजे काय तेही कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की हवेत मिथेन फार आहे, म्हणजे गोबरगॅस गळतोय. आता ते गोबरगॅस माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, स्वतः बांधलेलं. आप्पांचा चेहरा पडला. "जे दिसत न्हाई त्याच्यावरनं माझ्या कामाला नावं ठेवती व्हय?" असं म्हणून त्यांनी बादलीभर साबण कालवला आणि गोबरगॅसच्या घुमटाचा कानाकोपरा माखून काढला. एक बुडबुडा आला नाही. दोन दिवस बापलेकीत बोलणं बंद. गाईंच्या ढेकरांतही मिथेन असतो म्हणून वन्संनी गाई लांब बांधून पाहिल्या, आरसा तीनदा हलवला, तरी आकडा चढलेलाच. "वहिनी, आता मलाच कळेना," त्या म्हणाल्या, तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

शेवटी सापडलं. गॅस होऊन गेलेलं शेण ज्या उघड्या खड्ड्यात पडतं, तिथून मिथेन निघत होता. वन्सं आप्पांसमोर उभ्या राहिल्या. "तुमचं बांधकाम पक्कं आहे, आप्पा. चूक माझी होती." संध्याकाळी आप्पा शेजाऱ्यांना सांगत होते, "आमची पोरगी उजेडाला दाते पाडती. तुमाला न्हाई कळायचं."

निघायच्या दिवशी वन्सं जीपमध्ये बसल्या, आणि आप्पा शेतातल्याच सदऱ्यावर त्यांच्या शेजारी चढून पेटी मांडीवर घेऊन बसले. "रस्त्याला लई खड्डे हायेत," एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांत लेकीच्या कामाच्या जागी ते एकदाही गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुण्याहून त्यांचा फोन आला. "सूनबाई, हितं तर लई पेट्या हायेत. अन् एकीतलं बी काय दिसत न्हाई." मागे वन्सं हसत होत्या, आणि बहुतेक पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या. आप्पा परत कधी येणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.