टेबलाच्या पलीकडून

सायकली दुरुस्त करणाऱ्या पंक्चरकाकांचा चेहरा असा, की अनोळखी माणूस दोन पावलं मागेच सरकावा. जाड भुवया, रुंद जबडा. स्वभाव म्हणाल तर लोण्यासारखा. गिऱ्हाईक ओरडलं तरी माफी हेच मागणार.

सिनेमावाले सायकलीत हवा भरायला आले आणि काकांना बघून हरखलेच. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना कोठडीत छळणारा साहेब हवा होता त्यांना. "काका, नुसतं टेबलामागे बसायचं आणि एक वाक्य बोलायचं!"

आता बघा गंमत. पत्रकं वाटली म्हणून तरुणपणी हेच काका थोरल्या भावासोबत असल्याच टेबलापुढे बांधलेले होते. काका लंगडत बाहेर आले. भाऊ आलाच नाही. तिथल्या साहेबावर आता कुठे खटला उभा राहिला होता आणि आत काय घडलं ते सांगायला एकटे काकाच उरले होते. वहिनी दुकानात येऊन बसायच्या. "भाऊजी, साक्ष द्या हो."

काकांचं पालुपद ठरलेलं. "वहिनी, दिव्याच्या झोतात मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, त्याला तरी आमची काय दिसणार? हुकमाचा ताबेदार तो. सोडा आता."

मग हे काम घेतलं कशाला? अहो, कुतूहल! पलीकडे बसणारा हात कुठे ठेवतो, मधेच चहा पितो की काय, हे कोडं त्यांना इतकी वर्षं सुटलं नव्हतं.

सेटवरच्या भिंती पुठ्ठ्याच्या. समोर बांधलेल्या नटानं काकांकडे बघून डोळा मारला. मग टेबलावरचा दिवा त्याच्या तोंडावर लागला, काका खुर्चीत बसले, मान वर केली आणि हबकलेच. नटाच्या ओठावरचा घाम दिसत होता. पापणीची फडफड दिसत होती. दोरीनं मनगटावर उमटलेला वळसुद्धा. इतकं स्वच्छ त्यांना कधी ट्यूबमधलं भोकही दिसलं नव्हतं.

"काका, वाक्य बोला!" दिग्दर्शक ओरडला.

कसलं वाक्य नि कसलं काय! काका उठले, त्या नटाच्या दोऱ्या सोडल्या आणि चिकटवलेल्या मिशीसकट तडक वहिनींच्या दारात.

"अगं बाई! भाऊजी, हे काय सोंग?"

"वहिनी," काकांना रडू आवरेना, "त्याला दादाचा चेहरा दिसत होता हो. सगळा दिसत होता. कोर्टात कधी जायचं?"