साडू आणि वसईचे दोन वाल

जगात एकसारख्या दोन गोष्टी असू नयेत, आणि असल्याच तर त्यांतली एक ताबडतोब दुसरीत विलीन करून टाकावी, असं मनापासून मानणारे गृहस्थ या पृथ्वीवर एकच आहेत आणि ते माझे साडू आहेत. दुबईत, अल बर्शात आमच्यापासून दोन इमारती सोडून राहतात. दुबईबाहेर वाळवंटाच्या कडेला एक संशोधन केंद्र आहे, खाऱ्या जमिनीत काय उगवेल याचा तिथे शोध चालतो. त्या केंद्राचा पिकांच्या जनुकांचा ऑनलाइन डेटाबेस साडू सांभाळतात. सांभाळतात म्हणजे काय, असं मी लग्नानंतर लगेचच विचारलं होतं. "बियाण्याच्या जन्मपत्रिका," ते म्हणाले. "कुठलं बी, कुठून आलं, कोणी दिलं, त्याच्या पेशीत काय दडलंय, सगळं लिहून ठेवायचं. जगात कुठेही बसून कुणीही बघावं." या पत्रिकांत एकाच वाणाची पाच-पाच वेळा नोंद झालेली असते म्हणे. ती जुळी भावंडं हुडकून त्यांचं एक करणं, हे साडूंचं काम. बाकीचे लोक काम ऑफिसात ठेवून घरी येतात, साडूंना ते आजतागायत जमलेलं नाही.

त्यांच्या घरात दोन गाळणी राहू शकत नाहीत. मेहुणीला वाढदिवसाला मैत्रिणींनी एकाच रंगाच्या दोन ओढण्या दिल्या, तर त्यांतली एक संध्याकाळपर्यंत आमच्या घरी आली. फोनमधले नंबरही ते असेच आवरतात. अबूधाबीच्या खलिफा सिटीत त्यांच्या ओळखीचे दोन देशपांडे होते. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, तेव्हा साडूंनी दोघांचा एक देशपांडे केला. पुढे थोरले देशपांडे रिटायर होऊन पुण्याला निघाले, आणि साडू हार, शाल, मिठाई घेऊन थेट अबूधाबीला धाकट्या देशपांड्यांच्या दारात. "अहो, मी परवाच जॉइन झालोय!" ते बिचारे कळवळून सांगत होते, तोवर हार गळ्यात पडला होता. मी आयुष्यभर या गोष्टीवर हसायला मोकळा आहे, पण साडूंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "नोंदच अपुरी," ते म्हणाले. "मधलं नाव लिहायला काय होतं लोकांना?"

बर दुबईच्या बाजारात भाजी घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर शिक्षाच. वांगं हातात घेऊन ते दुकानदाराला त्याचं मूळ गाव विचारतात. "साब, ये तो कार्टन से आया," तो सांगतो. साडू गंभीरपणे फोनमध्ये लिहितात, 'उगमस्थान: अज्ञात.' नव्या माणसाची ओळख करून दिली की पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?" आणि दुसरा, "त्याच्या आधी?" त्यांची मुलगी कपाळाला हात लावून म्हणते, "बाबा, प्लीज! पीपल आर नॉट सॅम्पल्स!"

गेल्या वर्षी एका रविवारी माझ्या बायकोने वालाचं बिरडं केलं होतं. साडू-मेहुणी जेवायला होतेच, शिवाय खालच्या मजल्यावरच्या फिलोमिना आंटी होत्या. आंटी मूळच्या वसईच्या. एका हॉटेलच्या किचनमध्ये हयात घालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, आणि महिनाभरात कायमच्या परत जायच्या होत्या. वालाचा विषय निघाला तसे साडू खुलले, लॅपटॉप उघडून आठवड्याचा पराक्रम दाखवू लागले. वसईकडच्या वालाच्या दोन नोंदी होत्या, त्यांनी त्यांची एक केली होती.

आंटींनी चष्मा लावला. दोन्ही फोटो नीट बघितले.

"हे एक कुठे, बाबा? ह्या दुसऱ्याच्या पाठीवर तांबूस कड आहे, बघ. हा माझ्या आईचा वाल. खाडीकडच्या खाऱ्या वाडीत हाच यायचा. तो पहिला तिकडे लावला की पिवळा पडायचा."

"आंटी, टेस्टमध्ये दोन्ही सेम आलेत. मार्कर म्हणजे जनुकांतल्या खुणा, त्या जुळल्या ना!"

"तुझी मशीन शिजवून बघते का? हा मोड यायला दोन दिवस लावतो. तो एका रात्रीत येतो."

आम्ही सगळे हसलो. साडू हसले नाहीत. बिरडं तसंच ठेवून त्यांनी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मोजकेच मार्कर तपासलेत." मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. दोन नोंदींची एक झाली की पुढे एकाच पाकिटातलं बी पेरून ताजं करतात. दुसरं पाकीट शीतगृहात पडून राहतं आणि कधीतरी आतलं बी मरतं. तांबूस कडेचं पाकीट आधीच फार जुनं होतं, त्यात मूठभरही बी उरलं नव्हतं. खाऱ्या जमिनीत तगणारं बी जगभर शोधणाऱ्या केंद्रात साडूंनी नेमकं तेच पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेटाबेसवर, जगाला दिसेल असं लिहिलं: 'विलीनीकरण चुकीचे. चूक माझी.' मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. ते जुनं पाकीट शीतगृहातून काढून निम्मं बी त्यांनी नियमाप्रमाणे ओल्या कागदावर ठेवलं. निम्मं आंटींनी सांगितलं तसं कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून, कपाटात. रोज सकाळी ऑफिसात मला त्यांचा फोन यायचा. "काही नाही," एवढंच. दोन दिवस गेले, चार गेले, कागदावरच्या बियांना बुरशी आली. माणूस जेवेनासा झाला. मेहुणी मला म्हणाली, "ह्यांना काहीतरी सांगा हो." काय सांगणार? मीच आपला नवव्या दिवशी फोनची वाट बघत बसलो होतो.

फोन आला नाही. संध्याकाळी साडूच आले, धापा टाकत, आणि आमच्याकडे निरोपाचा चहा घेत बसलेल्या आंटींसमोर त्यांनी मोबाइल धरला. फडक्यातल्या तीन बियांना मोड आले होते.

आंटींनी फोटो बोटांनी मोठा केला. "आईचाच," त्या म्हणाल्या.

"आंटी, शेंगा धरल्या की पहिलं बी तुम्हाला पाठवतो. रीतसर कागद करून. तुमच्या वाडीत लावा."

"वाडी कुठली रे आता? तिथे सात मजली बिल्डिंग झालीये." त्यांनी मोबाइल साडूंच्या हातात परत दिला आणि त्यांची मूठ वरून मिटली. "तुझ्याकडेच राहू दे. सांभाळ."

साडूंनी मोबाइल जपून खिशात ठेवला. मी चहा गरम करायचं निमित्त करून आत गेलो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.